सावलीपासून त्रिकोणमितीपर्यंत: सोलापूरच्या शाळेत खगोलाच्या इतिहासातून गणित शिकवताना

पाठ्यपुस्तकात त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणाने सुरू होते आणि उंची-अंतराची उदाहरणं शेवटी येतात. माणसाने हा विषय शोधला तो नेमक्या उलट्या क्रमाने. आधी सावली मोजली, मग वर्षाची लांबी, मग पृथ्वीचा घेर. त्या मोजमापांत अडायला झालं तेव्हा कोष्टकं तयार झाली आणि त्यांतून आजचे साइन, टॅन आले. मुलांना तोच क्रम परत मिळवून द्यावा, यासाठी हा लेख आहे. सहावी ते दहावीचे गणित शिक्षक डोळ्यांसमोर आहेत आणि यातले सावल्यांचे सगळे आकडे सोलापूरचे आहेत.

या कामाला सोलापूर फार सोयीचं गाव आहे. आपलं अक्षांश सुमारे १७°४०′ उत्तर, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या बरेच खाली आहोत. त्यामुळे साधारण ११ मे ते २ ऑगस्ट या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ग्रीसमध्ये बसलेल्या कुणालाही हे कधी दिसलं नसतं. आपलं रेखांश सुमारे ७५°५४′ पूर्व. भारतीय ज्योतिर्गणितात जिथून रेखांश मोजत, ते उज्जैन जवळजवळ याच रेषेवर आहे. शिवाय महाराष्ट्रात घरोघरी भिंतीवर लटकणारं दाते पंचांग याच शहरातून निघतं. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे ऑक्टोबर सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत आकाशही बहुतेक दिवस मोकळं मिळतं.

एक नियम आधीच सांगून ठेवावासा वाटतो, कारण सगळं यश त्याच्यावर आहे: आधी मोजमाप, मग गोष्ट, मग सूत्र. पृथ्वीचा घेर मोजणाऱ्या ग्रीक एराटोस्थेनिसची गोष्ट आधी सांगितली तर मुलं ती ऐकतात आणि विसरतात. स्वतःच्या हाताने सावली मोजून कोड्यात पडलेल्या मुलाला तीच गोष्ट सांगितली, तर ते मूल तिच्यात उत्तर शोधतं.

साहित्य आणि जागा

बरोबर एक मीटर उंचीची सरळ काठी किंवा पीव्हीसी पाइप, ती रोवायला वाळू भरलेली बादली, गवंड्याकडचा ओळंबा आणि पाणसळ, मीटर टेप, सुतळी, खडू किंवा फक्की. खर्च जवळजवळ नाहीच. काठीची उंची जमिनीपासून मोजायची, बादलीच्या काठापासून नाही. जुने ग्रंथ या काठीला शंकू म्हणतात. महत्त्वमापनातल्या शंकूशी गल्लत होऊ नये म्हणून वर्गात ‘शंकूकाठी’ म्हणावं.

काठीच्या टोकाची सावली पुसट पडते, कारण सूर्य बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंद आहे. मीटरभर उंचीवरून ही पुसट कड सुमारे एक सेंटीमीटरची होते आणि मुलं तिथे वाद घालत बसतात. उपाय सोपा आहे. टोकाला एक वायसर आडवा चिकटवा. सावलीत मधोमध उजेडाचा ठिपका दिसेल, त्याचा मध्य मोजा. एवढ्याने चूक दोन-तीन मिलिमीटरवर येते. सूर्याकडे थेट बघायचं नाही ही सूचना दर वेळी द्यायची, मुलांना ती पाठ असली तरीही.

पहिली पायरी: दिशा काढणे (सहावी ते आठवी)

शाळेत होकायंत्र असलं तरी पहिल्या दिवशी काढू नका. काठीभोवती दीड मीटर आणि सव्वा मीटर त्रिज्येची दोन वर्तुळं आखा. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं. तिथे खूण करा. दुपारनंतर ते टोक बाहेर पडेल, तिथे दुसरी खूण करा. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. डिसेंबरात सोलापुरात मोठ्या वर्तुळावरच्या खुणा पावणेदहा आणि तीनच्या सुमारास पडतात, लहान वर्तुळावरच्या सव्वादहा आणि अडीचच्या सुमारास. म्हणजे सकाळी साडेनऊला काठी उभी झालेली हवी.

ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे आणि सूर्यसिद्धान्तातही आहे. आता दोन्ही खुणांवरून समान त्रिज्येचे कंस काढा. ते एकमेकांना छेदून माशासारखी आकृती होते. तिच्या दोन टोकांतून जाणारी रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. मुलांना इथे थांबवून विचारा, हे आपण वहीत कुठे केलं आहे? रेषाखंडाचा लंबदुभाजक, तोच तो. लंबदुभाजक का चालतो याची सिद्धता त्याच दिवशी फळ्यावर घ्या, कारण आता ती कशासाठी हवी हे मुलांना ठाऊक असतं. दोन वर्तुळांवरून आलेल्या दोन रेषा समांतर निघतात का, हेही तपासायला लावा.

डिसेंबर निवडण्याचं कारण आहे. मार्चमध्ये सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला-दक्षिणेला असलेला त्याचा कोन, एका दिवसात जवळपास ०.४ अंशाने सरकते, त्यामुळे सकाळ-दुपारच्या खुणांमध्ये थोडी तफावत येते. पुढच्या काळातल्या भारतीय गणितींनी या तफावतीची दुरुस्तीही दिली आहे. हुशार मुलांसमोर हे जरूर मांडा.

दुसरी पायरी: आपली खरी दुपार किती वाजता?

बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, असं बहुतेक मुलं सांगतील. मोजायला लावा. सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान दर तीन मिनिटांनी खूण करायची आणि आलेख काढायचा. सर्वांत लहान सावली बारानंतर बरीच पुढे येते. का?

भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे. आपण ७५.९° वर आहोत. फरक ६.६°. पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. ६.६ × ४ = २६.४ मिनिटं. म्हणून आपली सरासरी दुपार सुमारे १२ वाजून २६ मिनिटांनी होते. सहावीच्या गुणोत्तर-प्रमाणाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

उत्तर नेमकं १२.२६ येणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ते १२.४० च्या आसपास जातं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१० पर्यंत उतरतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, याचा हा परिणाम. खालच्या वर्गांत एवढं सांगून पुढे जा.

तिसरी पायरी: वर्षभराची नोंदवही

हा या उपक्रमाचा कणा आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या गटाने दुपारची सर्वांत लहान सावली मोजायची आणि वहीत तारीख, लांबी, दिशा लिहायची. एक मीटरच्या काठीला सोलापुरात साधारण अशा लांब्या याव्यात: २१ जूनला दक्षिणेकडे १० सेंटीमीटर, विषुवदिनांना उत्तरेकडे ३२, आणि २२ डिसेंबरला उत्तरेकडे ८७. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. ते तुमच्या तपासणीसाठी आहेत.

शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा सावली दक्षिणेला असते आणि जुलै सरेपर्यंत ती तिथेच राहते. ढगांतून अधूनमधून ऊन मिळतंच. २ ऑगस्टच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. मे महिन्यातला दुसरा असा दिवस सुट्टीत जातो. नंतर सावली उत्तरेला वाढू लागते.

सावलीने बाजू बदलली की ऋण संख्या शिकवायची वेळ आली. उत्तरेकडची सावली धन, दक्षिणेकडची ऋण. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम ज्या ग्रंथात लिहिले, तो ब्राह्मस्फुटसिद्धान्त ज्योतिर्गणिताचाच ग्रंथ आहे. आता डिसेंबर आणि जूनच्या सावल्यांवरून कोन काढा. आठवीपर्यंत कागदावर प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने, नववीपासून टॅनच्या कोष्टकाने. ८७ सेंटीमीटरला ४१°, दक्षिणेकडच्या १० सेंटीमीटरला −५.७°. दोन्हींची सरासरी: १७.६५°. हे सोलापूरचं अक्षांश आहे! फरकाची निमपट: २३.३५°. हा पृथ्वीच्या अक्षाचा कल. खरी किंमत २३.४४°. चिन्ह विसरून सरासरी काढणाऱ्या मुलाला सोलापूर थेट कर्कवृत्तापाशी सापडतं, आणि चिन्हाचं महत्त्व त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: पलभा, टॅन आणि आर्यभटाचं कोष्टक (नववी, दहावी)

जुन्या पद्धतीत काठीचे १२ समान भाग करत, त्यांना अंगुलं म्हणत. विषुवदिनाच्या भर दुपारी या १२ अंगुलांच्या काठीची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. सोलापूरची पलभा १२ × टॅन १७.६६° = सुमारे ३.८२, म्हणजे ३ अंगुलं ४९ व्यंगुलं. व्यंगुल हा अंगुलाचा साठावा भाग. काठी, पलभा आणि कर्ण मिळून काटकोन त्रिकोण होतो आणि कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे १२.५९ येतो. एवढ्या एका त्रिकोणावर त्या गावाचं बरंचसं ज्योतिर्गणित उभं असे. गुणोत्तराच्या व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी हा त्रिकोण जमिनीवर पाहिलेला असावा.

२१ मार्चला सोलापूरची दुपार १२.३४ च्या सुमारास होते, आणि तेव्हा बऱ्याच शाळा सकाळच्या झालेल्या असतात. पालकांना आधी कळवून एक गट थांबवून घ्या. सप्टेंबरच्या विषुवदिनावर विसंबू नका, आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच असतो.

यानंतर आर्यभट. ४९९ च्या सुमारास त्याने साइनच्या कोष्टकातल्या लागोपाठच्या किमतींमधले जे फरक दिले, त्यांतले पहिले आठ मुलांना लिहून द्या: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. बेरीज करत जायचं: २२५, ४४९, ६७१, ८९०, ११०५, १३१५, १५२०, १७१९. प्रत्येक पायरी ३°४५′ ची, म्हणून आठवी पायरी ३०° ची. आर्यभटाची त्रिज्या ३४३८. १७१९ ही तिची बरोबर निम्मी आहे. साइन ३०° = १/२! चौथी संख्या ८९० ला ३४३८ ने भागा, ०.२५८९ येतं, आजची साइन १५° ची किंमत ०.२५८८. मग विचारा, ३४३८ कुठून आला? पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), भागिले २ × ३.१४१६. पाय, वर्तुळाचा परिघ आणि साइन हे तीन धडे इथे एकमेकांना भेटतात. या तासाला घाई करू नका, दोन तास लागले तरी द्या.

समरूपतेसाठी दिव्याची सावली घ्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) छायाव्यवहाराचं प्रकरण आहे, त्यात दिवा आणि शंकू यांची उदाहरणं आहेत. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली मुलांना घरी करायला सांगा. एक मीटरच्या काठीची सावली १ मीटर पडते तिथे खूण, मग काठी दिव्यापासून आणखी २ मीटर लांब नेली तर सावली दीड मीटर. सावल्यांच्या टोकांतलं अंतर अडीच मीटर, सावल्यांतला फरक अर्धा मीटर. २.५ ÷ ०.५ = ५ मीटर, ही दिव्याची उंची. खांबाच्या बुडापाशी जावंही लागत नाही. दहावीची उंची-अंतराची उदाहरणं यानंतर सोपी वाटतात.

पाचवी पायरी: उज्जैनला फोन

एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात असवान आणि अलेक्झांड्रिया इथल्या सूर्यकोनांत ७.२° फरक घेतला. तो वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांत अंतर ५,००० स्टेडिया (अंतराचं ग्रीक माप), म्हणून पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया. या रीतीला दोन्ही गावं एकाच रेखांशावर हवीत. असवान आणि अलेक्झांड्रिया तशी नव्हती, त्यांच्यात सुमारे तीन अंशांचा फरक आहे. सोलापूर आणि उज्जैन यांच्यात फरक जेमतेम ०.१३°, म्हणून दोन्हीकडची दुपार अर्ध्या मिनिटाच्या अंतराने होते.

उज्जैन किंवा इंदूरमधल्या एखाद्या शाळेशी संपर्क साधा. इंदूरही याच रेषेवर आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे एक मीटरच्या काठीची दुपारची सावली मोजायची आणि फोनवर सांगायची. विषुवदिनी सोलापुरात ३१.८ सेंटीमीटर, उज्जैनला ४२.८ यायला हवी. कोनांतला फरक सुमारे ५.५°. नकाशावर पट्टीने मोजलेलं सरळ अंतर सुमारे ६१४ किलोमीटर. रस्त्याचं अंतर घेऊ नका, त्याने उत्तर फुगतं. ६१४ × ३६० ÷ ५.५ = सुमारे ४०,२०० किलोमीटर. खरा उत्तर-दक्षिण घेर ४०,००८.

मुलांचं उत्तर पाच टक्के इकडेतिकडे येईल. तीन मिलिमीटरच्या चुकीने कोन ०.१५° हलतो, हे त्यांनाच काढू द्या. उत्तराइतकंच चुकीचं गणितही शिकवण्याजोगं आहे. उज्जैनमध्ये सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आजही आहे. तिकडच्या मुलांना तिथूनच मोजायला सांगता आलं तर उत्तम.

सहावी पायरी: पंचांगातलं अंकगणित

प्रत्येक मुलाने घरचं पंचांग आणायचं. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचे १२ अंश: ३६० ÷ १२ = ३०. नक्षत्रं २७, एकाला १३°२०′. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४.३७ दिवस. सौर वर्ष ३६५.२४. तूट १०.८७ दिवस. ती साठत गेली की किती महिन्यांनी एक पूर्ण महिना होतो? भागाकार केला की साडेबत्तीसच्या आसपास येतो. तोच अधिक मास.

आता हे आकडे फळ्यावर लिहा: अधिक आश्विन २००१ आणि २०२०, अधिक श्रावण २००४ आणि २०२३, अधिक ज्येष्ठ २००७ आणि २०२६. १९ वर्षांचं चक्र मुलं स्वतःच ओळखतात. १९ सौर वर्षं ६,९३९.६ दिवस, २३५ चांद्रमास ६,९३९.७ दिवस. लसावि कशासाठी असतो, याचं उत्तर इथे आहे. ग्रीक मेटनने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेच चक्र वापरलं.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं एकाच शाळेत असतात, याचा इथे फार उपयोग होतो. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी का येतात? रमजान दरवर्षी ११ दिवस अलीकडे का सरकतो? हिजरी वर्षात अधिक महिना नाही. ३६५.२४ ÷ १०.८७ केलं की कळतं, सुमारे साडेतेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. उत्तर शोधताना मुलं एकमेकांच्या घरची कॅलेंडरं मागतात.

मकरसंक्रांतीचा तास मात्र जपून घ्या. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे संक्रांत सोलापूरच्या मुलांच्या मनात घट्ट बसलेली आहे, आणि संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं घरी ऐकलेलं असतं. त्यांची नोंदवही वेगळं सांगते: सर्वांत लांब सावली २२ डिसेंबरला ८७, आणि १४ जानेवारीला ती ८१ वर आलेली. मूल विचारेल, मग घरचे चुकतात का? उत्तर गणिताने द्या. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते, सावली ऋतूंच्या संदर्भाने. ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. १,४४० ÷ २०.४ = ७१ वर्षांत एक दिवस फरक. आज साठलेला फरक सुमारे २४°, वर्षाला ५०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) या वेगाने भागला तर साधारण १,७०० वर्षं. म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुमारास दोन्ही एकाच दिवशी होतं. पुरावा म्हणून १८६३ ची संक्रांत घ्या, स्वामी विवेकानंदांच्या जन्माचा दिवस: १२ जानेवारी. हिप्पार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे सरकणं ओळखलं होतं.

सातवी पायरी: चंद्र किती लांब?

पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा, साधारण ६ मिलिमीटर. पौर्णिमेला ते डोळ्यापासून इतकं लांब धरा की चंद्र त्यात बरोबर मावेल. अंतर ६६ सेंटीमीटरच्या जवळ येतं, म्हणजे व्यासाच्या ११० पट. चंद्रही आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या ११० पट लांब आहे.

व्यास मिळतो ग्रहणातून. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणाचे खंडग्रास अवस्थेतले फोटो छापून घ्या. पृथ्वीच्या सावलीच्या कडेवर तीन बिंदू घेऊन जीवांचे लंबदुभाजक काढले की सावलीचं वर्तुळ मिळतं. ते चंद्राच्या सुमारे २.६ पट निघतं. ही सावली पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाताना जवळपास एका चंद्रव्यासाने निमुळती होते, म्हणून पृथ्वी चंद्राच्या ३.६ पट. आपण काढलेल्या घेरावरून पृथ्वीचा व्यास १२,८०० किलोमीटर, चंद्राचा सुमारे ३,५५०, अंतर सुमारे ३,९०,००० किलोमीटर. सरासरी खरं अंतर ३,८४,४००. पूर्ण ग्रहण स्वतः पाहायचं तर ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र चांगली आहे.

सूर्याचं अंतर काढण्याचा ग्रीक ॲरिस्टार्कसचा प्रयत्न दहावीला थोडक्यात सांगा. अर्धचंद्राच्या वेळी त्याने चंद्र-सूर्यातला कोन ८७° घेतला आणि सूर्य चंद्राच्या १९ पट लांब आहे असं काढलं. कोन खरं तर ८९.८५°, अंतर सुमारे ३९० पट. तीन अंशांपेक्षा कमी चूक आणि उत्तर वीस पटींनी खाली. त्याची रीत निर्दोष होती. मुलांनी कॅल्क्युलेटरवर कोसाइन ८७°, ८८°, ८९° करून पाहावं.

इतिहास सांगताना

आमच्याकडे सगळं आधीच होतं, असं सांगण्याचा मोह टाळा, आणि सगळं ग्रीसमधून आलं असंही सांगू नका. शंकू बाबिलोनमध्ये होता, चीनमध्ये होता, आपल्याकडे होता. अल-बिरूनीने अकराव्या शतकात एका टेकडीवरून क्षितिजाचा कल मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि तोच उज्जैनच्या रेखांशाबद्दलही लिहितो. प्रत्येक दाव्यासोबत आकडा द्या आणि मुलांना तो तपासू द्या. जे तपासता येत नाही ते गणिताच्या तासाला सांगू नये, असं माझं ठाम मत आहे.

वर्षाची आखणी

जून-जुलैत नोंदवही आणि ऋण संख्या, ऑगस्टच्या सुरुवातीला शून्य सावली. पावसाच्या दिवसांत पंचांग आणि आर्यभटाचं कोष्टक, दोन्ही वर्गात बसून होतात. दिवाळीनंतर दिव्याची सावली आणि चंद्र, डिसेंबरात दिशा, जानेवारीत संक्रांत, मार्चमध्ये पलभा आणि उज्जैन. दहावीचा अभ्यासक्रम तोवर संपलेला असतो, म्हणून मार्चची मोजणी नववीकडे द्यावी. दहावीच्या मुलांना उज्जैनचा प्रयोग करायचा असेल तर तो नोव्हेंबरातल्या कुठल्याही निरभ्र दुपारी चालतो, विषुवदिनच हवा असं नाही. कोनांतला फरक तेवढाच येतो. २२ डिसेंबरला स्नेहसंमेलन किंवा सहल आली तरी बिघडत नाही. त्याच्या आगेमागे तीन-चार दिवस सावलीची लांबी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच हलते, त्यातला कुठलाही मोकळा दिवस घ्या.